पळसाखालचा गडवा

“एकदा उघडलं की मंग बोलाचं नाई, बाई. हलाचं नाई. आपलं नाव घेत राहाचं, बस. मी अल्लाचं घेतो, तुम्ही महाकालीचं घ्या. मोजणी एकच हाय.”

अयूबभाई जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी चंद्रपुरात डॉक्टरांच्या दवाखान्यात यांचा नंबर यायची वाट पाहत बसले होते, तेव्हा त्यांचं हे वाक्य जवळ बसून सांगितल्यासारखं ऐकू आलं. आणि समोरच्या भिंतीवर एका माणसाचं बोट माझ्या चित्रावर टेकलं. चित्र म्हणजे मी काढलेला फोटो, कॅलेंडरचं जानेवारीचं पान. एका पतसंस्थेनं छापलेलं, खाली संस्थेचं नाव, माझं कुठेच नाही. मीच नको म्हटलं होतं. धुक्यातलं बरड आणि मधोमध एकटा पळस. भद्रावतीच्या पलीकडे, जुन्या बंद खाणीच्या डोक्यावरचा तो लाल मुरमाचा उघडा माळ. तिथं कुसळी गवताशिवाय काही उगवत नाही, म्हणून कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून अयूबभाईंना तो आवडायचा. बोट काळं होतं, नखात माती होती. ते पळसाच्या खालच्या फांदीवरून हळूहळू खोडाकडे उतरलं आणि बुंध्याशी थांबलं.

“हात नको लावू, बाबा. डाग पडते,” कंपाउंडर म्हणाला.

“आमचं बरड हाय हे.”

“असन न. सातबारा तुझ्या नावानं हाय काय?”

बाकड्यावरची दोघं-तिघं हसली. त्या माणसाबरोबर एक मुलगी होती, वीस-बावीसची, ओढणी घट्ट गुंडाळलेली. ती हसली नाही. “बाबा, बसा न चुपचाप. जिथी जाता तिथी सुरू होता.” पण तो बसला नाही. सगळ्यांत जवळ मी होते म्हणून माझ्याकडे वळला. “बाई, तुमचे डोये चांगले असन. हे पाहा बरं. फांदीवर लाल दिसून राह्यलं का काही?”

मी न पाहताच हो म्हटलं. लाल चिंधी कुठे आहे ते मला माहीत होतं. त्या दिवशी वारा नव्हता, चिंधी लोंबत होती तशीच राहिली म्हणून चित्रात आली. साडेतीन मिनिटं कॅमेऱ्याची काच उघडी राहते तेव्हा जे हलत नाही तेवढंच राहतं. धुकं वाहतं ते पुसल्यासारखं सपाट होतं, पाखरं नाहीशी होतात, चालत गेलेलं माणूस तर आलंच नव्हतं असं होऊन जातं. अयूबभाई म्हणायचे, चालत्याचा फोटो नाई येत बाई, थांबल्याचा येतो.

“ते चिंधी माह्या बायकोनं बांधली,” तो म्हणाला. “शकुबाईनं. ह्या पुनमची सोयरीक जुयावी म्हणून. पाच दिवस चिंधीखाली पाणी घालाचं होतं. शनवारी संध्याकायी बांधली, इतवारी सकायी पाणी घालाले गेली, ते आलीच नाई. मी गावाले गेलतो, सोमवारी येऊन धुंडाले गेलो तं चिंधी नव्हती, वानरानं नेली असन. म्हणजे पाहा,” त्यानं दोन बोटं दाखवली, “शनवार ते सोमवार. त्याच्या मधातच हा फोटो निंगाला. हो का नाई?”

त्याचा हिशेब बरोबर होता. मी पदर सावरला.

“पण गडवा नाई,” तो पुन्हा पानाकडे वळला. “पितयेचा गडवा. झाडाच्या बुडाशी मले भरलेला सापडला. पाणी तसंच. ह्याच्यात तं नाई. म्हणजे फोटोवाला तिच्या आंधी येऊन गेला असन. नाई तं मंग...”

“बाबा.” मुलीचा आवाज खाली आला होता. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, कुणाला तरी एकदाचं सांगून टाकावं तसं, “माय गेली त्याले वर्ष झालं, बाई. वनवाले आले, वाघाची खूण नाई म्हणाले. पोलीस आले. लोक म्हणते, गडवा ठेवला अन् कोणाच्या तरी गाडीवर बसून गेली मिरची तोडाले, तेलंगणात. पाणी न घालता गेली, म्हणजे मनातूनच गेली होती, असं म्हणते. मिरचीवरच्या बाया होळीले परत येते. माही सोयरीक जुयली होती, मोडली. ‘पयालेल्या बाईची पोट्टी’ म्हणे.”

“मागं एक खड्डा खचला होता,” मुखरू म्हणाला. त्याचं नाव मला नंतर कळलं, पण आता मनात तेच येतं. “त्याच्यातबी डोकावलो. मातीनं भरून गेलता. अन् ते तिकडं काऊन जाईन? वाट समोरून हाय. घर समोर हाय. झाडाच्या मागं जाचं कामच नाई तिले.” त्यानं पानाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “फोटोवाल्याचं नाव नाई लिवलं इथी. त्याले कोणी विचारलं असतं, का बा, तुले कोणी दिसलं काय? बस एवढंच.”

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, “मी विचारून सांगीन.”

मी खोटं बोलत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत माझे नेम आहेत; पहिली पोळी गाईची, शनिवारी मीठ नाही, कुणाच्या पाठीमागे वाईट नाही. आणि हे वाक्यही तसं खोटं नव्हतं. विचारायचं मलाच होतं, सांगायचंही मीच होतं. पण त्याला वाटलं मी कुणाकडे तरी जाईन. त्याचा चेहरा असा उजळला की मी खाली पाहिलं. “आंबेबोडीचा मुखरू म्हणजा. फाट्यावरून कोणीबी दाखवन. कवा?” मी म्हटलं, रविवारी. पुनम उठून उभी राहिली होती, बापाचा हात धरून. “उगीच कबूल नका करू, बाई. लोक कबूल करते, अन् हे फाट्यावर जाऊन बसते. दिवसभर बसते.”

मग यांचा नंबर आला.

घरी येताना रिक्षात हे बडबडत होते. वामनराव बोलू लागले की थांबत नाहीत. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात तीस वर्षं मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. शब्द उजवीकडे थोडे घसरतात, एवढंच. दहा वर्षांपूर्वी ते सगळेच गेले होते. अर्धं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे उघडे, ओठ हलताहेत आणि घशातून नुसता वारा. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी महाकालीच्या देवळात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, माझी घे. यांची दे, माझी घे. रोज उठल्यापासून सूर्य उगवून एक माळ होईपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. चौथ्या महिन्यात एका दुपारी जेवताना हे म्हणाले, “मीठ.” वरणात मीठ नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. तेव्हापासून एकही सकाळ चुकली नाही. यांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग सवय करून घेतली. सकाळचं बोलणं हे दोघांचं एकटेच बोलतात. “चहा ठेवून राह्यली का? हो, ठेवते. साखर कमी टाक. कमीच टाकते, तुमचं आपलं रोजचंच!” माझ्या वाटचं इतकं हुबेहूब म्हणतात की मला हसू येतं, आणि तोंड मिटलेलं ठेवून हसावं लागतं.

यांच्या अपंगत्वाच्या दाखल्याला फोटो हवे होते म्हणून अयूबभाईंकडे पहिल्यांदा गेले. मी तेव्हा भद्रावतीच्या कॉलनीतल्या शाळेत शिकवत होते, त्यांचा स्टुडिओ बसस्टँडसमोर. आयुष्यभर लोकांची लग्नं काढलेला माणूस. भिंतीवर मात्र लग्न एकही नाही, नुसतं बरड. पहाटेचं, धुक्यातलं, उन्हाळ्यातलं. माणूस कुठे नाही. मी विचारलं, इथं कोणी जात नाही का? ते हसले. “जाते न. खूप जाते. थांबत नाई कोणी.” त्या रिकाम्या माळाकडे पाहताना मला इतकं शांत वाटलं की दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या मागे गेले. स्टँड कसं रोवायचं, उजेड अडवणारी काळी काच कशी चढवायची, तारेनं बटण कसं दाबून धरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही, तसबी वापरली, त्यांची जपमाळ. माझ्या गतीनं एक माळ म्हणजे साडेतीन मिनिटं. नेम आणि चित्र एकाच मोजणीत बसले. देवीनंच जुळवून दिलं असं मला वाटलं. आता वाटतं, तिथंच चुकलं. देवाची माळ दुसऱ्या कशाच्या मापाला लावली.

एकदा तिसऱ्या मिनिटाला एक बकरी माळावरच्या कठडा नसलेल्या विहिरीकडे निघाली. अयूबभाईंनी तसबी खिशात कोंबली आणि हुर्र हुर्र करत त्या वयात धावले. पाय लागून स्टँड कलंडलं. परत आले ते धापा टाकत, हसत. “गया फोटो. जाऊ दे न. बरड कुठी पयून चाललं काय? अगल्या इतवारी घेऊ.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही हाललेच नाई, बाई.” माझा मणी सत्तरावर होता, अंगठा तिथंच. मला ते कौतुक वाटलं. कितीतरी वर्षं मी ते कौतुक म्हणून जपलं. जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या हवाली केला, तेव्हाही मला वाटलं, न हलणाऱ्या माणसाला दिला.

मागच्या पौषातला तो रविवार. पहिल्या बसनं गेले. कंडक्टर ओळखतात, सुटे पैसे हातावर ठेवले की तिकीट फाडतात, बोलावं लागत नाही. फाट्यावर उतरून चाळीस मिनिटं चालले. धुकं इतकं की पळसाच्या मागे चार पावलांवर जग संपत होतं. उजाडलं तसं बटण दाबलं आणि पहिला मणी ओढला. पस्तीस-चाळिसावर असेन, समोरच्या वाटेनं ती आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात गडवा. गडवा तिनं झाडाच्या बुंध्याशी ठेवला, हात जोडले आणि मला पाहून दचकली. मग हसली. “मायबाई! मले वाटलं कोण हाय. फोटो काढून राह्यल्या काय?” मी मान हलवली. “होऊ द्या मंग तुमचं. मी मंग घालतो पाणी. कुठी थांबू?”

ती झाडासमोर उभी होती, मधोमध. उभं माणूस चित्रात डाग होतं. मी डावा हात उचलला आणि मागे लोटल्यासारखा केला. मागे, झाडामागे, धुक्यात. तिथं ती दिसणार नव्हती. माझ्यामागे येऊन थांब असं दाखवता आलं असतं. तिला एवढंच हवं होतं, कुठं थांबू. मी हातानं तिला दूर केलं. तिनं मान डोलावली, समजलं अशी, आणि मोठ्या माणसाच्या कामात आपली अडचण नको म्हणून अंग चोरून, जवळजवळ पळतच झाडामागे गेली. गडवा राहिला.

हात खाली आला तेव्हा मला भेग आठवली. पंधरा दिवसांपूर्वी मीच पाहिली होती, झाडापासून तीसेक पावलांवर, गवताच्या आत, हातभर रुंद. तिच्यातून वाफ येत होती. खालचा कोळसा कुठेतरी जळतो आणि जमीन पोकळ होत जाते, असं अयूबभाईंनी सांगितलं होतं. मणी त्र्याहत्तर. पस्तीस राहिले होते. मला वाटलं, गावच्या माणसाला ठाऊक असेल. मला वाटलं, ती इतकी लांब जाणार नाही. मला वाटलं, हाक मारली तर यांचा आवाज जाईल. आणि सगळ्यांत खाली, ज्याच्याकडे मी वर्षभर पाहिलं नाही, ते असं की चित्र फार चांगलं येत होतं. आवाज काही फोटोत येत नाही. हाक मारली असती तर चित्राचं काहीही बिघडलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणजे मग चित्रासाठी नव्हे, नेमासाठीच गप्प राहिले म्हणायचं? की नेम हाताशी होता म्हणून त्याच्या आड उभी राहिले? देवीला विचारते तर ती नुसती पाहते. एखादा आवाज आला असेलही. मी नाव मनात फार जोरात घेत होते.

एकशे आठ झाले. बटण सोडलं. माझं तोंड उघडलं आणि मी म्हटलं, “अहो बाई, झालं माझं.” एकदाच म्हटलं, तेही माझ्या नेहमीच्या आवाजात, जो शेजारच्या खोलीतही जात नाही. धुक्यातून काही आलं नाही. गेली असेल घरी, म्हटलं. गडवा काठोकाठ भरलेला होता, त्यात पळसाचा शेंडा दिसत होता. मी त्याला हात लावला नाही, परक्याच्या देवाच्या पाण्याला कशाला लावायचा. साडेआठची बस होती.

घरी चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा आनंदच झाला. ती आली नव्हती. फक्त बुंध्याशी गडवा पिवळा चमकत होता, नजर सारखी तिथंच जायची. मी तो पुसला. शाळेतल्या संगणकाच्या सरांनी शिकवलं होतं, बाजूच्या मुरमाचा तुकडा त्यावर आणून बसवला. दोन मिनिटांचं काम. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर झाडामागे टिपरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि ताज्या मातीचा ढीग दाबून सपाट केलेला. भेग बुजवली होती. फाट्यावरच्या टपरीला एक कागद चिकटवलेला होता, त्यावर पदर घेतलेल्या बाईचा पुसट फोटो. मी वाचला नाही. बस आली होती. बस आली नव्हती, येत होती. त्यानंतर गुडघे दुखतात असं सांगून मी बरडावर जाणं सोडलं, आणि गुडघे खरंच दुखू लागले.

दवाखान्यानंतरचा पहिला रविवार आला तेव्हा मी घरीच राहिले. आंघोळ, दिवा, माळ. एकेका मण्याला फाट्यावरचा दगड दिसत होता आणि त्यावर बसलेला माणूस. नऊची बस थांबली असेल, तो उठला असेल, उतरणाऱ्या बायकांकडे पाहिलं असेल, बसला असेल. मग साडेदहाची. दुपारी पान वाढताना यांना म्हणाले, एखाद्याला दिलेला शब्द आणि देवीला दिलेला शब्द, यांत मोठा कुठला? हे जेवत होते. “तुहा कुठला शब्द? तू तं बोलतच नाई,” असं म्हणून स्वतःच खूप हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. “काय झालं गं?” मी म्हटलं, काही नाही, वरण वाढू? सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, तू थोडीच ढकललं तिले. तेच मला ऐकायचं नव्हतं. हात कसा केला ते यांनी पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात संगणकात मूळचं चित्र शोधलं. न पुसलेलं. ते तिथंच होतं, गडव्यासकट. चिंधी वर, गडवा खाली, आणि दोघांच्या मध्ये खोडाला लागून हिरवट ओल आल्यासारखा एक पट्टा. वर्षभरापूर्वी मी तो शेवाळ समजले होते. पौषात त्या पळसाला शेवाळ कुठून येणार? ती जेवढी उभी राहिली तेवढी आली होती. चेहरा नाही, हात नाहीत. बुधवारी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चित्र मोठ्या कागदावर काढून घेतलं. दुकानदार म्हणाला, “मावशी, मधात थोडा डाग हाय, साफ करून देऊ काय?” मी म्हटलं, नको. इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाजूचा माणूस वळला.

हे दाखवलं की काय होईल ते मी जाणते. उकरतील किंवा उकरणार नाहीत. पुनमकडे लोक पुन्हा येतील किंवा येणार नाहीत. मुखरू मला शिव्या देईल, किंवा देणार नाही, आणि ते जास्त वाईट. पण तिकडं ती का गेली, हे या जगात एकट्या मला माहीत आहे. ती पळाली नाही. ती थांबली होती. माझं होईपर्यंत.

आज रविवार. चारला उठले, आंघोळ केली, दिवा लावला. माळ हातात घेतली आणि देवीसमोर तशीच खाली ठेवली, एकही मणी न ओढता. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. कागदाची गुंडाळी पिशवीत घातली. बाहेर अजून उजाडायचं होतं, सूर्याला तास-दीड तास. चपला शोधत होते तेव्हा आतून, अंधारातून, यांचा आवाज आला, झोपेनं जड, उजवीकडे घसरणारा.

“निंगाली का? वर्षभरानं? हो, निघाले. शाल घेतली का? घेतली, अहो. कॅमेरा तं इथीच दिसून राह्यला, कुठी चालली मंग? तुम्हाला काय करायचंय, झोपा!” स्वतःच्याच बोलण्यावर हसले, खोकले. दहा वर्षांचा आवाज. माझ्या वाटचं सगळं बोलून झालं होतं, मी नुसतं दार ओढून घ्यायचं होतं.

“आंबेबोडीला चालले आहे,” मी म्हटलं. शब्द खरखरत आले, पहाटेच्या घरात कुणा परक्या बाईचे असावेत तसे. “यायला उशीर होईल.”

आतून काही आलं नाही. खाट वाजली नाही, खोकला नाही. मी चौकट धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, मी मोजत नव्हते. मग चपला घातल्या, पिशवी छातीशी धरली आणि दार उघडंच ठेवून जिना उतरू लागले.